गुलाबी बुडाचं चाच्यांचं जहाज

ताई कवळ्या बनवते. डॉक्टर नाही हं! डॉक्टर फक्त "आ करा" म्हणतात आणि भाव खातात, दात घडवते ती लॅबच्या मागच्या खोलीतली ताई. वय बावन्न. हात असे की डोळे मिटून दाढ ओळखेल, आणि जीभ... जिभेबद्दल न बोललेलंच बरं.

तर तिच्या दादाने घर बदललं आणि माळा उपसताना एक खोका तिच्याकडे ढकलला. "भंगार आहे, बघ तुला काही उपयोग झाला तर." आत चाच्यांची तीन प्लॅस्टिकची जहाजं, तुकडे चिकटवून बनवतात तसली. दादाच्या तीन वाढदिवसांची. लहानपणी ताईने नुसतं बोट लावलं तरी दादा घर डोक्यावर घ्यायचा, "तू मोडशील!" मोडली कोणी? त्यानेच. एकाचं बूड फुटलेलं, दुसऱ्याच्या डोलकाठ्या गायब, आणि तिसऱ्याचा कप्तान, मुळातच सांगाडा बिचारा, त्याला जबडाच नाही.

ताईला उकळ्या फुटल्या. रोज डबा खाल्ला की अर्धा तास जहाज. आधी ब्रशने धूळ, मग जुना गोंद खरवडायचा, आणि मग बाईसाहेबांनी घोळ घातला! बुडाचं भोक बुजवायला सवयीने कवळीची गुलाबी पावडर आणि तिचं ते उग्र वासाचं लिक्विड थेट प्लॅस्टिकवरच लावलं. हिरडीला चालतं ते ह्याला कसलं चालतंय, बूड मऊ पडून लोंबायलाच लागलं. ताईने स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईने रेडिओ मोठा केला.

मग डोकं चाललं. कवळी कोणी थेट तोंडात ओततं का? माप घ्यायचं, प्लॅस्टरचा साचा करायचा, तुकडा बाहेर बनवायचा आणि मग बसवायचा. तसंच केलं. डेक दुसऱ्या जहाजाचा, काठ्या तिसऱ्याच्या, बूड हिरडीसारखं गुलाबी, आणि कप्तानाला नवा जबडा, वर साखरेच्या दाण्याएवढे बत्तीस दात. चाचा कसला, टूथपेस्टच्या जाहिरातीतला नवरदेव!

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि झालं. सोमवारी दादा लॅबच्या दारात, हातात रिकामी पिशवी.

"दे माझं जहाज."

"भंगार म्हणाला होतास ना?"

"तेव्हा मोडकं होतं! आणि बाकीची दोन कुठेत?"

"ह्याच्याच पोटात."

"तीन मारून एक केलंस? दरोडेखोर आहेस तू!"

"मग? जहाज कोणाचं आहे ते बघ की."

तोंडाने टोले देत होती, पण जहाजावरचा हात काही काढत नव्हती. आयुष्यभर हजारो दात केले, सगळे लोकांच्या तोंडात गेले. हे एकच काम तिला स्वतःकडे ठेवायचं होतं.

भांडता भांडता दादा कप्तानाच्या तोंडाशी वाकला आणि थबकला. "हे हलत नाहीत?" असं म्हणताना त्याचीच वरची कवळी टक्कन खाली आली. बहिणीपुढे तोंड कशाला उघडा म्हणून गेल्या वर्षी गुपचूप दुसरीकडून करून घेतलेली! ताई हसली नाही. म्हणजे हसली, पोट धरून हसली, पण नंतर थांबली.

"काढ ती. बस इथे. आ कर."

"अगं पण जहाज..."

"आ!"

माप घ्यायची थंडगार पेस्ट ट्रेमध्ये थापून तिने त्याच्या तोंडात कोंबली. घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं. तीन मिनिटं दादा गप्प, जन्मात पहिल्यांदा! ताईने खुर्ची ओढली आणि सगळं सुनावलं. मोडलं कोणी, टाकलं कोणी, जोडलं कोणी. मग जहाज उचलून आपल्या टेबलावरच्या फळीवर ठेवलं.

"हे माझं. कबूल?"

"ऊंऽऽ! ऊं ऊंऽ!"

"ऐकलंत ना?" ताई शेजारच्या बाईला म्हणाली. "हो म्हणाला."

दादाने डोळे वटारले, हात उचलला, हनुवटीवरून लाळ ओघळली.

"हलू नकोस हं," ताई म्हणाली. "माप बिघडलं तर जन्मभर टक टक."

दादा हलला नाही.