चौथ्या मजल्यावरचा लाल दोरा

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहा पन्नासला, यिशुन भागातल्या आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली कारपार्कात, चौथ्या मजल्यावर माझी अकरा वर्षांची गाडी सुरू झाली नाही. आठपर्यंत हॉस्पिटलला पोचायचं होतं. नऊ आठवडे आधी जन्मलेली आमची मुलगी बारा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या सकाळी तिला पहिल्यांदा आईच्या छातीवर ठेवणार होते. उशीर झाला तर पुन्हा कधी, हे सांगता येणार नाही, असं नर्सने आधीच सांगितलं होतं.

आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. तापमान बावीसवर आलं होतं. विषुववृत्ताजवळच्या या शहरात याला थंडीच म्हणतात. समोरचे ब्लॉक ढगात वरून अर्धे पुसले गेले होते. त्या करड्या उजेडात आपण जागे आहोत की नाही, याचीही मला खात्री वाटत नव्हती. टॅक्सीच्या अ‍ॅपवर चाक नुसतं फिरत होतं. बायको पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून मागच्या सीटवर बसली होती.

गाडीचं हे दुखणं आठवडाभराचं होतं. दुपारी एका किल्लीत चालू, सकाळी मात्र इंजिन कण्हल्यासारखं फिरायचं आणि थांबायचं. आंग मो किओ भागातल्या गॅरेजने नवी बॅटरी बसवली, तरी फरक नव्हता.

"तू दसऱ्याला हसलास ना आईंना?" बायको म्हणाली. "भोग आता."

हसलो होतो, हे खरं. माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती. तिने बॉनेट उघडायला लावून इंजिनला हळदकुंकू वाहिलं आणि दत्ताचं नाव घेऊन लाल दोरा माझ्या हातात दिला. "आत कुठेतरी बांध." मी थट्टेत एक बोल्ट सैल केला, दोरा त्याखाली दाबला आणि विसरून गेलो.

आता बॉनेट उघडून कडेवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कित्येक वर्षांनी मी दत्ताचं नाव घेतलं. मागितलं काहीच नाही.

"बॅटरी न्यू, आह?"

मागे एक चिनी म्हातारे उभे होते. हातात ओली छत्री, पायात सपाता. मी सगळं सांगितलं. त्यांनी बायकोला पुढच्या सीटवर येऊन किल्ली फिरवत राहायला सांगितलं आणि माझं मनगट धरून बॅटरीच्या तारांवरून माझा हात हळूहळू फिरवला. गाडीच्या अंगाला जोडलेल्या काळ्या तारेच्या टोकाशी बोटांना चटका बसला.

"हॉट, आह? देअर लाह."

करंट तिथे अडत होता. गार इंजिनाला जास्त करंट लागतो, म्हणून खोळंबा फक्त सकाळी व्हायचा, हे त्यांनी मोडक्या इंग्रजीत समजावलं. मी डिकीतला पाना आणला. बोल्टखालून गंजाने माखलेला लाल दोरा निघाला. मीच दाबलेला.

मी तो फेकणार होतो. "हू गिव्ह?" त्यांनी विचारलं. आईने, म्हणालो. "मदर वन, कॅनॉट थ्रो." आईचा आहे, टाकायचा नाही. त्यांनी तो बाहीला पुसून आरशाला बांधला. बोल्टखालचा गंज स्वतःच्या किल्लीने खरवडून बोल्ट घट्ट केला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मी हात जोडले, तेव्हा ते स्वतःवरच हसत होते. त्यांची गाडी तिसऱ्या मजल्यावर होती. चिनी लोकांत चार आकडा अशुभ, म्हणून या मजल्यावर ते कधी पाऊलही ठेवत नसत. आज लिफ्टमध्ये बटण चुकलं. "ओल्ड ऑलरेडी," ते म्हणाले आणि जिन्याने खाली गेले.

दत्ताचं नाव घेऊन आई नेमकी कोणाला हाक मारते, हे मी आजवर विचारलं नव्हतं. त्या सकाळपासून विचारायची गरज वाटत नाही. दोष माझ्याच हातचा होता. तो शोधायला तोच हात दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. त्या म्हाताऱ्यांचा, आईचा आणि ज्याचं नाव घेतलं त्याचा मी ऋणी आहे.

सात बेचाळीसला आम्ही वॉर्डात पोचलो. आठ वाजून सहा मिनिटांनी नर्सने मुलीला तिच्या आईच्या छातीवर ठेवलं. मुलीने डोळे उघडले नाहीत. श्वास नियमित होता.