इस्त्रीचं अंतराळयान
अंतराळयुद्धांच्या कादंबऱ्यांना शहाणे लोक नाकं मुरडत, ‘आकाशातली नाटकं’ म्हणत. चित्रकारकाकांनी जन्मभर त्यांचीच मुखपृष्ठं रंगवली. नमुन्याला यान आणणार कुठून, सासऱ्याकडून? ते घरातल्या वस्तूच समोर मांडत. आधी वाचकांना टोकदार, चकचकीत यानं हवी होती. काकूंची इस्त्री उभी करून भागलं. पुढे अवाढव्य, करड्या, नळ्यानळ्यांच्या यानांची लाट आली, तेव्हा शिवणयंत्र उताणं पडलं.

“आग लागो तुमच्या अंतराळाला! माझी इस्त्री कुठंय?” काकू आतून ओरडत. काका ओला ब्रश कानामागे खोचून इस्त्री द्यायला धावत.

काकू गेल्या. त्याच सुमारास तेच शहाणे या कादंबऱ्यांवर परिसंवाद घेऊ लागले, जुन्या धाटणीला पुन्हा भाव आला. परवा एका संपादकाने टोकदार यान मागितलं. काकांनी इस्त्री टेबलावर उभी केली. चित्र झालं, वाळलं, छापायलाही गेलं.

इस्त्री अजून टेबलावरच आहे. काका चुरगळलेला सदरा हातानेच सारखा करतात, पण ती उचलत नाहीत. कुणी ओरडल्याशिवाय त्यांनी ती कधी जागेवर ठेवलीय?