दऱ्यांचा दर्या झाला तेव्हा

प्रुफं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तुर्भ्याच्या एका छापखान्यात आधी डीटीपी ऑपरेटर होते, मग मुद्रितशोधक झाले, आणि छापखाना बंद पडल्यावर तेच काम पनवेलजवळ करंजाड्याच्या घरी बसून करायला लागले. प्रकाशक फाइल पाठवतात, मी वाचते, चुका काढते, पानं लावून परत पाठवते. हे सगळं एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर. त्याच्यावर मूळची जी सिस्टिम होती तिने एके दिवशी स्वच्छ सांगून टाकलं, की यापुढे तुमच्या मशीनला अपडेट मिळणार नाहीत. लॅपटॉप तर ठणठणीत चालत होता. चालतं मशीन टाकून द्यायला माझं मन होईना.

मग शोधता शोधता मला एक ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, सिस्टिम सापडली. नुकतीच बाळसं धरत होती. जगभरातली मूठभर माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती बनवत होती आणि जुन्या मशीनवरही ती हलकी चालायची. मी ती एका रविवारी लॅपटॉपवर चढवली. हे तेव्हा सोफ्यावर बसून बघत होते. तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर मशीन दुरुस्त केलेला माणूस. पण मी काही उघडायला घेतलं की यांचं बजावणं सुरू होतं.

"अगं, लोकांची पुस्तकं आहेत त्याच्यात," हे म्हणाले.

"पेन ड्राइव्हवर काढून ठेवलीत," मी म्हटलं.

त्या सिस्टिममध्ये प्रत्येक गोष्ट पॅकेजमधून येते. छपाईचं एक पॅकेज, आवाजाचं एक, पडद्यावर अक्षरं जुळवून दाखवणारं आणखी एक. नवं पॅकेज आलं की टाकायचं, आणि सिस्टिम लहान असल्यामुळे ते टाकल्यावर काहीतरी बिघडायचंच. एकदा आवाज गेला. एकदा प्रिंटर रुसला. प्रिंटरच्या वेळी सिस्टिमच्या चर्चेच्या पानावर सगळे म्हणत होते की प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर जुना आहे, वाट बघा. मी पडद्यावर आलेला तो लांबलचक एरर नीट वाचला. लोक एरर वाचत नाहीत, बघतात. मला मात्र अक्षर न् अक्षर वाचायची सवय. एका फाइलच्या नावात अक्षराच्या जागी अगदी तसाच दिसणारा आकडा पडला होता. मी ते लिहून कळवलं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त पॅकेज आलं. खाली एकाने इंग्रजीत लिहिलं होतं, 'हे कसं दिसलं तुम्हाला?' मी उत्तर दिलं, 'हेच तर माझं काम आहे.' त्या दिवशी जेवताना मी हे यांना दोनदा सांगितलं.

खरा प्रसंग आला तो सह्याद्रीतल्या भटकंतीच्या एका पुस्तकाच्या वेळी. सकाळी नेहमीसारखे अपडेट टाकले, चहा घेतला आणि फाइल उघडली. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'चहूकडे डोंगर आणि खोल दर्या.' मला वाटलं लेखकाची चूक. दर्या म्हणजे समुद्र. याला म्हणायचंय दऱ्या. दुरुस्त करायला गेले तर अक्षर दुरुस्त होईना. मी टाइप करत होते दऱ्या, पडद्यावर उमटत होतं दर्या. खाली 'पाण्याच्या झऱ्यापाशी' होतं, त्याचं 'झर्यापाशी' झालेलं. 'बिचाऱ्या'चं 'बिचार्या', 'पुऱ्या'चं 'पुर्या'. आडव्या चंद्रकोरीसारखा जो आपला अर्धा र, तो अख्ख्या पुस्तकातून नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी रफार येऊन बसला होता.

आधी वाटलं फॉन्ट बिघडला. फॉन्ट बदलला, तेच. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, तेच. मग प्रिंट काढली, की कदाचित नुसतं पडद्यावरच असं दिसत असेल. कागदावरही दर्या. आता एकच उपाय होता. सकाळी जेवढी पॅकेजं आली होती तेवढी एकेक करून मागच्या आवृत्तीवर न्यायची आणि दरवेळी तोच शब्द तपासायचा. एक पॅकेज मागे नेलं, दर्या. दुसरं नेलं, दर्या. स्वयंपाकाची वेळ होऊन गेली. यांनी उठून कुकर लावला. अक्षरं जुळवणारं पॅकेज मागे नेलं आणि पडद्यावर दऱ्या परत आल्या. मी मोठ्याने "सापडलं!" म्हणून ओरडले तर हे किचनमधून धावत आले. त्यांना वाटलं, झुरळ.

त्या पॅकेजची जबाबदारी कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंकडे होती. मी चर्चेच्या पानावरच त्यांना दोन्ही चित्रं पाठवली, आधीचं आणि नंतरचं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. दोन अक्षरं वेगळी दिसताहेत हे मला कळतं, पण या फरकाने वाचणाऱ्याला काही अडतं का?

बाईंना आपली लिपी येत नव्हती, यात त्यांचा काय दोष? मी लिहिलं, 'तुम्ही डोंगरात भटकायला निघालात. पुस्तकात छापलंय, पुढे दऱ्या आहेत. तुम्ही दोर घ्याल. तिथेच छापलं की पुढे दर्या आहे, तर तुम्ही पोहायचे कपडे घेऊन याल.' बाईंनी हसण्याची चित्रं पाठवली आणि चूक मान्य केली. नव्या आवृत्तीत ऱ या अक्षराची र आणि खालचा ठिपका अशी फोड होत होती, आणि परत जोडताना तो ठिपका गळत होता. मात्र हातात दुसरं काम आहे, दुरुस्तीला वेळ लागेल, असं त्यांनी कळवलं.

तेवढ्यात चर्चेच्या पानावर एक अनोळखी माणूस उगवला. टोपणनाव इंग्रजी, भाषा इंग्रजी. त्याने लिहिलं, 'मी दुरुस्त पॅकेज बनवलंय. हे घ्या, टाका.' लोकांनी भराभर टाकलं. वाहवा सुरू झाली.

"टाक की मग," हे म्हणाले. "पुस्तक अडलंय ना?"

"याच्यावर सही नाही."

ती सही म्हणजे काय हे मला यांना समजावून सांगावं लागलं. अधिकृत पॅकेज बनवणाऱ्याची त्याच्यावर एक डिजिटल सही असते. आपलं मशीन आधी ती पडताळतं आणि मगच पॅकेजला आत घेतं. या पॅकेजला सही नव्हती, आणि ते टाकायचं तर मशीनचा मुख्य पासवर्ड द्यावा लागणार होता. म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण बाहेर उभं राहायचं. आत लोकांची न छापलेली पुस्तकं. मी आपलं मागच्या आवृत्तीवर काम चालू ठेवलं आणि त्या माणसाला लिहिलं, 'तुमचे आभार. पण पॅकेज ज्या कोडपासून बनवलं तो कोड दाखवाल का? आणि सही का नाही?'

झालं. लोक माझ्यावरच घसरले. एकाने लिहिलं, या मराठी बाईंनीच तक्रार करायची, कोणी दुरुस्त करून दिलं तर त्याचं ओळखपत्र मागायचं. मला वाईट वाटलं. पण मी माझं वाक्य खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा मला वेगळा निरोप आला. रोमन लिपीत, पण मराठी. 'ताई, तुमी बरोबर बोलता. मी दिवाळ्याचा हाय. तुमचा तो दर्याचा दाखला वाचला तवाच समजलो, ही बाई आपल्यातली.' सोबत पूर्ण कोड होता.

मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. दिवाळे म्हणजे बेलापूरच्या खाडीवरचा कोळीवाडा, माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर! तो महाप्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. सही नसण्याचं कारण साधं होतं. सही मान्य व्हायची तर ही सिस्टिम बनवणाऱ्या प्रकल्पातल्या कुणीतरी नव्या माणसाला प्रत्यक्ष भेटून ओळख पटवावी लागते, आणि प्रकल्पातलं माणूस इथे जवळपास कोणी नव्हतंच. मी हे थंड देशातल्या बाईंना कळवलं. त्यांनी माझ्याशी व्हिडिओवर बोलून माझं ओळखपत्र बघितलं, माझी सही नोंदवून घेतली आणि म्हणाल्या, 'तुम्ही वर्षभर इथे काय काय पकडलंत ते मी पाहिलंय, म्हणून तुमच्यापुरतं व्हिडिओवर भागवते. आता तुम्ही जाऊन त्याला भेटा. कोड तपासा. तुम्ही हो म्हणालात तर मी घेईन.'

शनिवारी हे मला स्कूटरवर बसवून दिवाळ्याला घेऊन गेले. जेट्टीजवळ होड्या लागल्या होत्या, बांबूवर बोंबील वाळत होते. तो घराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून बसला होता. चाळिशीच्या आतला, चष्मा, आवाज हळू. त्याने आधी आपलं आधार कार्ड पुढे केलं, मी माझं. एकमेकांचे फोटो आणि चेहरे ताडून बघताना दोघांनाही हसू आलं.

सही पडताळायची म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांब माळ एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने आपल्याकडच्या कागदाशी ताडायची. छापखान्यात आम्ही हेच करायचो. एक जण मूळ प्रत वाचायचा, दुसरा प्रुफावर डोळा ठेवायचा. मी त्याच तालात वाचायला लागले, चार चार अक्षरं, मग श्वास. तो खुणा करत गेला. त्याची आई मासळी विकून आली होती, पाटी उतरवता उतरवता थबकली.

"कसला मंत्र म्हनता रं तुमी दोघां?"

"मंत्र नाय गो आये," तो म्हणाला. "या ताई माझी ओलख पटवतान."

"तुजी ओलख? मना इचार की! मीच तर जन्म दिलाय." आणि माझ्याकडे वळून, "च्या घेशील ना गो बाय?"

चहा झाल्यावर मी काम काढलं. त्याचा कोड मी घरी ओळीओळीने वाचला होता, जिथे अडलं तिथे त्याला विचारलं होतं. त्याच्या कोडमध्ये लपवाछपवी कुठेच नव्हती. आता शब्द तपासायचे होते. मी त्याच्या लॅपटॉपवर टाइप करत गेले. दऱ्या, बरोबर. सुऱ्या, बरोबर. गोऱ्या, कोपऱ्यात, बिचाऱ्या, सगळं बरोबर. तो खुशीत आला. मग मी लिहिलं वऱ्हाड. पडद्यावर आलं, 'वर्हाड'. तऱ्हा लिहिलं, 'तर्हा' आलं.

"आयला," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "ताई, मी फक्त य पुढं आला तरच बघितलं. ह चं माज्या डोक्यातच नाय आलं."

"अहो, वऱ्हाडच राहिलं तर लग्न कसं लागायचं?" हे ओट्याच्या कडेवरून म्हणाले. त्याची आई खो खो हसली. यांना या सगळ्यातलं इतकं समजतंय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याने तिथेच बसून कोड बदलला. मी चुकीचे, अर्धवट, उलटेसुलटे शब्दही टाइप करून पाहिले. कऱ्हाड आलं, कुऱ्हाड आली, गुऱ्हाळ आलं. रफार जिथे हवा तिथे, म्हणजे आचार्य आणि सूर्य या शब्दांत, जागच्या जागी राहिला. मग मी त्याच्या सहीवर माझी सही केली. निघताना आईने सुकटीची पुडी हातात कोंबली, आणि स्कूटरवर पनवेल येईपर्यंत आम्ही दोघं त्या सुक्या मासळीच्या वासात होतो.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त पॅकेज नेहमीच्या रस्त्याने माझ्या मशीनवर आलं. पडद्यावर ओळ उमटली, सही बरोबर आहे. मी आत घेतलं. पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत दोन नावं होती. दुरुस्ती त्याची, तपासणी माझी. आयुष्यभर मी पुस्तकं वाचली, पण मुद्रितशोधकाचं नाव छापायची पद्धत आमच्याकडे फारशी नाही. मी यांना बोलावून ती ओळ दाखवली. यांनी चष्मा लावला, वाचली, पुन्हा वाचली, आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो होता, खाली लिहिलेलं, 'आमच्या घरातून जगभर'. मी रागावले, पण तो काढून टाका म्हणाले नाही. अकोल्याच्या एका शिक्षकाचा निरोप आला तो तर मी जपून ठेवलाय. त्याने फक्त एवढंच लिहिलं होतं, 'आमचं वऱ्हाड वाचवल्याबद्दल धन्यवाद.'

आता या सिस्टिममधल्या मराठीची तपासणी माझ्याकडे आहे. दिवाळ्याचा माझा दोस्त कोड लिहितो, मी वाचते. कधी तो इथे येतो, कधी आम्ही तिकडे जातो. चर्चेच्या पानावर ओळखपत्रावरून मला टोमणा मारणारा माणूस परवा स्वतःच एका नवख्याला सांगत होता, 'सही नसलेलं टाकू नका.'

मागच्या महिन्यात नवी आवृत्ती निघायची होती. सगळं ठरलं होतं, लोक वाट बघत होते. मला अनुस्वाराची एक गडबड दिसली. छोटीच, मराठी न वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. मी लिहिलं, 'माझ्याकडून होकार नाही.' मग थंड देशातल्या त्या बाईंनी लिहिलं, 'मग थांबू या.'

आणि सगळे थांबले.