पाटावर बसलेली पुस्तकं

मला व्यवस्था लावण्याचा रोग आहे. घरात कोणी काही नवं सुरू करायचं म्हटलं, की ते माणूस अजून चपला शोधत असतं आणि माझी पिशवी भरून तयार असते. त्यामुळे आईच्या वकिलीचं दुसरं सेमिस्टर सुरू होणार म्हटल्यावर तयारीचा ताबा मी घेतला, यात कोणालाच नवल वाटलं नाही. नवल पुढचं होतं. तयारी सगळी झाली आणि आईच जागची हलेना.

आई पन्नाशी ओलांडल्यावर लॉ कॉलेजात गेली. बाबा इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ. नोकरीपायी नाशिक सोडून ते भोपाळला आले, आणि लग्न होऊन आईही आली. तेव्हा ती बी.ए. झालेली होती. पुढे मी, माझ्या शाळा, कारखान्याचं क्वार्टर, मग अवधपुरीत स्वतःचं घर, यात तिची वर्षं गेली. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कॉलनीत पाणी आलं नाही की बायका तिलाच पुढे करत, आणि बिल्डरचा माणूस तिला लांबून बघूनच फोन कानाला लावी. मला नोकरी लागली त्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "आता मी कॉलेजात जाते." आम्हाला वाटलं, कसला तरी भरतकामाचा वर्ग असेल.

पहिलं सेमिस्टर तिनं नुसतं अनुभवलं नाही, उपभोगलं. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. तिला ‘आंटी’ म्हणत. आंटी पहिल्या बाकावर बसत, प्रत्येक व्याख्यान उतरवून घेत आणि घरी येऊन पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढत. या नोट्सच्या झेरॉक्स वर्गभर फिरल्या. परीक्षेच्या आधी तर आमच्या फाटकाशी पोरांच्या गाड्या लागत. "आंटी, आप तो टॉप करोगी, हमारा देखो," असं म्हणत पोरं चिवडा खाऊन, नोट्स घेऊन जात. आई वरवर रागवे आणि दुसऱ्या दिवशी चिवडा जास्त करी.

निकाल लागला. ती सगळी पोरं पास झाली आणि आईला करार कायद्यात बॅक लागली. म्हणजे पुढच्या सेमिस्टरला बसता येणार होतं, पण तो एक पेपर पुन्हा द्यावा लागणार होता. विषय तिला येत नव्हता असं मुळीच नाही. पहिल्या दोन प्रश्नांत ती इतकी रंगली, इतके दाखले देत बसली, की घंटा झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. इतक्या वर्षांनी तीन तास सलग लिहायचं, तर हातही भरून आला होता.

मी म्हटलं, "एवढंच ना? सुटेल."

ती उठून भांडी घासायला गेली. आई वाद न घालता उठते म्हणजे प्रकरण गंभीर.

मी मात्र कामाला लागले. आमच्या विद्यापीठाच्या तारखांना काही धरबंध नाही, त्यामुळे निकाल लांबला होता आणि दुसरं सेमिस्टर दसऱ्यानंतर सुरू होणार होतं. बाग सेवनियातल्या सुताराकडून मी खिडकीच्या मापाचं टेबल करून आणलं. दिवा आणला. विषयागणिक वेगळ्या रंगाच्या फायली आणल्या. भिंतीवर आठवड्याचं वेळापत्रक लावलं. त्यात बाबांनाही सोडलं नाही. बिट्टन मार्केटच्या बाजारातून भाजी आणणं आणि सकाळचा कुकर त्यांच्या नावावर टाकला. बाबांनी चष्मा लावून वेळापत्रक वाचलं आणि म्हणाले, "कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करतात, त्या शटडाउनलासुद्धा एवढं प्लॅनिंग नसतं गं आमच्याकडे." आईनं टेबलाला हात लावून पाहिला. "छान आहे," म्हणाली, आणि त्यावर धुतलेल्या कपड्यांची घडी ठेवून निघून गेली.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं आणि पुस्तकं यांची पूजा एकत्रच असते. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांची हत्यारं: पाना, पक्कड, कारखान्यातल्या पहिल्या वर्षी घेतलेला मायक्रोमीटर. त्यावर आईची पुस्तकं आणि शेजारी माझा लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. पूजा मांडली की वस्तूंना हात लावायचा नाही, वाचायचं नाही, काम करायचं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून ज्यानं त्यानं आपलं उचलायचं.

दुसऱ्या दिवशी मी अक्षता टाकून लॅपटॉप उचलला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर पुस्तकं पाटावरच. आईला विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. देवाजवळ आहेत."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही देवाजवळच. झेंडू सुकला, तिनं ताजा वाहिला. मला कळेना, ही भक्ती कुठून उगवली. माझ्या आईनं देवाला आयुष्यात कधी इतका वेळ दिलेला नाही. मग एका सकाळी माझं डोकं फिरलं. मी पुस्तकं उचलली, कुंकू पुसलं आणि नव्या टेबलावर रंगानुसार मांडून ठेवली. संध्याकाळी पाहते तर पुन्हा पाटावर, पुन्हा कुंकू.

"माझी पुस्तकं आहेत," आई म्हणाली. "तू कोण उचलणारी?"

"मग तू उचल! सोमवारी कॉलेज सुरू होतंय!"

"होऊ दे."

मी आवाज चढवला. टेबल, दिवा, सुतार, सगळं काढलं. ती चपाती लाटत ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "माझ्या नोट्स वाचून ती पोरं पास झाली. मी नापास. त्या वर्गात मी कोणत्या तोंडानं बसू, सांग. तुझ्या वेळापत्रकात आहे का ते?"

नव्हतं. मला एकदम रडू आलं. मी दिवे आणि फायली जमवत बसले होते, आणि हिला भीती होती ती वर्गाच्या दाराची. त्या दाराला लावायला माझ्याकडे कुठलीच फाइल नव्हती.

या सगळ्यात बाबा काय करत होते? काही नाही. तेच तर खटकण्यासारखं होतं. त्यांनीही आपली हत्यारं पाटावरून उचलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "पूजा एकत्र मांडली, तर उचलायचीही एकत्र."

"असा कुठे नियम आहे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आमच्याकडे आहे."

"आजवर कधी ऐकला नाही."

"आजवर कधी वेळ आली नाही," बाबा म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. नळाच्या मुठीखालून पाणी येई. आईनं खाली पातेलं ठेवलं. बाबा येता जाता त्या पातेल्याकडे बघत आणि पुढे जात. ज्या माणसानं सगळा जन्म यंत्रांच्या गळत्या थांबवल्या, शेजाऱ्यांचा कूलर कुरकुरला तरी ज्याचा हात शिवशिवतो, तो घरातल्या नळाखाली पातेलं बघून गप्प बसतो म्हणजे काय! मी प्लंबर बोलवू म्हटलं तर त्यांनी असं बघितलं माझ्याकडे की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी संध्याकाळी धार वाढली. आई भांडी घासत होती. पातेलं भरून वाहिलं, ओट्यावरून पाणी खाली आलं, तिची साडी भिजली. मग काय, इतके दिवस कोंडलेला आवाज फुटला.

"अहो! नळ बघा हा! पाना घ्या!"

बाबा दारात येऊन उभे राहिले. "पाना पूजेत आहे."

"मग उचला!"

"त्याच्यावर तुझी पुस्तकं आहेत. दुसऱ्याच्या पुस्तकांना मी हात लावत नाही. परवाच ऐकलं मी घरात."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं. ती ओल्या पायांनी तरातरा देवघरात गेली, चिमूटभर अक्षता पाटावर टाकल्या आणि सगळी पुस्तकं एका झटक्यात छातीशी धरून उचलली. "घ्या तुमचा पाना!" सगळ्यात वर करार कायदा होता. त्याच्या पुठ्ठ्यावरचं कुंकू तिच्या ओल्या पदराला लागलं.

बाबांनी पाना घेतला, पण लगेच हलले नाहीत. "पूजेतून उचलल्यावर आधी एक पान वाचायचं असतं," ते म्हणाले. हा नियम मात्र खरा होता. लहानपणी मला त्यांनीच वाचायला लावलं होतं.

"आत्ता? तिकडे पाणी चाललंय."

"पाणी बघतो मी. तू वाच."

आईनं उभ्या उभ्याच पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आधी रागानं, भरभर. मग अर्ध्या पानावर तिचा आवाज बदलला. ती थांबली, मागची ओळ पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघ, हेच विचारलं होतं. दहा ओळींत संपलं असतं. मी चार पानं लिहीत बसले." आणि हसली. निकालानंतर पहिल्यांदा हसली.

मी स्वयंपाकघरात गेले. बाबा नळापाशी उभे होते. पाना बाजूला ओट्यावर कोरडा पडला होता. मुठीखालचा सैल सोडलेला नट त्यांनी दोन बोटांनी धरला, दोनदा पिळला, आणि धार थांबली. मी तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. मग पाना उचलून नळावर उगाच दोनदा वाजवला, बाहेर ऐकू जाईल असा.

त्या संध्याकाळी कपड्यांची घडी टेबलावरून खाली आली. आई खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "मोबाइलवर वेळ लाव. वीस मिनिटं. एक प्रश्न लिहून बघते." वीस मिनिटं झाली तरी ती लिहीतच होती. मी वेळ संपल्याचं सांगितलं, तर माझ्याशीच भांडली. मग पुन्हा वेळ लावायला सांगितली.

सोमवारी मी तिला स्कूटीवरून कॉलेजात सोडायला गेले. मागून माझ्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात सगळ्या रस्त्यात घट्ट होता. फाटकाच्या आतच तिच्या वर्गाचा घोळका उभा होता. आई उतरली, पदर सारखा केला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणणार, चल घरी. मी स्कूटी बंदसुद्धा केली नव्हती.

तेवढ्यात घोळक्यातल्या एका मुलीनं तिला बघितलं. "आंटी! कहाँ थीं आप? कॉन्ट्रैक्ट में कितने आए?"

आईची बॅग घरंगळून कोपरापर्यंत आली. ती तिनं वर ओढली. आणि बिल्डरच्या माणसासाठी राखून ठेवलेल्या त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "बैक आई है मेरी! इस बार नोट्स तुम लोग दोगे, और टाइम भी तुम ही लगाओगे!"

मग ती मुलगी पुढे आली, आईच्या खांद्यावरची जड बॅग काढून तिनं आपल्या खांद्यावर घेतली. "चलिए आंटी, आपकी सीट पे बैग रख के आए हैं, कोई बैठ न जाए."

आई आत गेली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी तिथेच फाटकाशी डोळे पुसत बसले होते, तेव्हा बाबांचा फोन आला.

"गेली का आत?"

"गेली."

बाबा म्हणाले, "बरं. आता नळ गळणार नाही."