वेणीचा खर्च

जून महिन्यातला दुसरा मंगळवार. रक्कम, वर्षाला दोन हजार सहाशे चाळीस रुपये. हजर: शिरूरच्या मुलींच्या बालगृहाचे अध्यक्ष, अधीक्षक बाई, चौदा वर्षांची एक मुलगी आणि मी.

मी वरवंडला राहतो. बालगृहातल्या मुलींच्या वतीने बैठकीत बोलायला मला नेमलं होतं. संस्थेचा नोकर नाही, मुलीचा नातेवाईक नाही, असा बाहेरचा माणूस. काम एवढंच, की मुलीला काय हवंय ते तिच्याच शब्दांत सांगायचं. तिचं भलं कशात आहे हे ठरवायला बाकीचे पुष्कळ असतात.

या मुलीची सात वर्षांची बहीण दौंडच्या बालगृहात होती, कारण लहान मुलींना तिकडे ठेवत. आठ महिने दोघींची भेट नव्हती. मुलगी मला म्हणाली होती, "काका, मला महिन्यातनं एकदा तिची वेणी घालायचीय. दुसऱ्या कुणाला ती डोक्याला हात लावू देत न्हाई. मग केसच कापतील तिचे." बैठकीत मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते हसले. "येवढंच व्हय? आन् त्यापायी वरवंडवरनं माणूस आलाय." मग बाईंना म्हणाले, "आपली स्वयंपाकाची मावशी दौंडचीच हाय ना? महिन्याला घरी जाती. तिच्यासंगं धाडा पोरीला."

बाई हो म्हणाल्या. मुलीच्या मुठीत लाल रिबिनीची जोडी होती, ती तिने फ्रॉकच्या खिशात ठेवली. काम तिथंच झालं होतं.

मी पिशवीतून कागद काढला. खर्चाचा अंदाज मी घरूनच मांडून आणला होता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणजे पंचेचाळीस. मुलगी आणि सोबतची बाई, जाऊन-येऊन एकशे ऐंशी. चहा-नाश्त्याला चाळीस. महिन्याला दोनशे वीस. मी म्हणालो, आज आबा आहेत, उद्या नसतील; मावशी नोकरी सोडेल. भेट मेहेरबानीवर नको, हक्काची हवी. खर्चाला मंजुरी घ्या.

आबांनी कागद लांब धरून वाचला. "दादा, साखर कारखान्याच्या सभेत पायजे होता तुम्ही. पण आता कागद आला म्हंजी वर धाडावा लागंल."

बाई म्हणाल्या, "प्रवासाला आपल्याकडे खर्चाचं हेडच नाही. आणि मंजुरी येईपर्यंत मावशीबरोबर पाठवता येणार नाही. वाटेत काही झालं तर मंजुरीआधी का पाठवलं, हे मलाच विचारतील." त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या बैठकीत वरून प्रश्न आला, सोबतच्या बाईचा खर्च कशात टाकायचा. मी लेखी उत्तर दिलं. तिसऱ्या बैठकीत दौंडच्या संस्थेचं संमतिपत्र मागितलं. तेही मी स्वतः जाऊन आणून दिलं. मुलगी दोन्ही वेळा त्याच खुर्चीवर बसली होती. तिसऱ्या वेळी रिबिनी आणल्या नव्हत्या.

दिवाळीनंतर दौंडची संस्था बंद झाली आणि तिथल्या मुली सोलापूरला हलवल्या. मावशी गावाहून बातमी घेऊन आली. "बारकीचं डोकं भादरलं म्हणं जायच्या आधी. उवा झाल्त्या."

जानेवारीत मंजुरी आली. शिरूर ते दौंड, महिन्यातून एकदा. सोलापूरसाठी नवीन प्रस्ताव लागेल, असं खाली लिहिलं होतं. मुलीला सांगणं माझं काम होतं, म्हणून मी गेलो आणि पत्र वाचून दाखवलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, आबा व्हय म्हणले होते ना? मग तुम्ही कागद कशाला काढला?"

मी हक्काचं बोलू लागलो.

"मी कुठं हक्क मागितला होता," ती म्हणाली. "वेणी घालायची होती."

त्या कागदातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. सोलापूरचा प्रस्ताव मी करू का, असं विचारलं. ती नको म्हणाली. तिला हवं तेच सांगायचं हे माझं काम, म्हणून केला नाही.

मंजूर रकमेतून मुलीच्या प्रवासावर काही खर्च झाला नाही. तीन बैठकांचा माझा प्रवासखर्च पाचशे दहा आणि भत्ता सहाशे, एकूण एक हजार एकशे दहा रुपये, मार्चअखेर माझ्या खात्यावर जमा झाले.