बावीस की छत्तीस

ताईचं माहेर म्हणजे एक भाऊ, बस्स. आईवडील लवकर गेले तेव्हा ती कोवळी पोर, आणि भावाचे तर दुधाचे दातही पडायचे होते. शिवणकामाच्या कारखान्यात काजं-बटणं करून तिनं त्याला वाढवलं, शिकवलं. आणि शिकला तो काय, तर जुनी हिब्रू भाषा! "आता याच्याशी बोलायचं कुणी?" असं ती शेजारणींना म्हणायची, पण म्हणताना ऊर भरून यायचा.

बोलायला माणूस मिळाला तो तिच्या नवऱ्याच्या रूपानं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापखान्यानं जुन्या हिब्रू धर्मग्रंथाचं भाषांतर काढायला घेतलं. भाषांतर भावाकडे आलं, तपासणी दाजींकडे. मग काय, रोज संध्याकाळी दोघं ताईच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून! पुस्तकाच्या शेवटी धान्याच्या मापांचा तक्ता जोडायचा होता. एफा हे मोठं माप, त्याचा तिसरा हिस्सा सिआ, दहावा हिस्सा ओमर. ओमर म्हणजे एका माणसाचं दिवसाचं धान्य. हे सगळं आजच्या लिटरमध्ये सांगायचं. ताईच्या डब्यातले गहू फरशीवर यायचे, पातेली, बादल्या, दुधाचं माप, सगळं कामाला लागायचं. "अहो, एवढं सांडलंयत तर चिमण्यांना तरी जेवायला बोलवा," ती करवादायची. खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. जिवाभावाची दोन माणसं एका छपराखाली, आणि भांडतात कशावरून, तर गव्हाच्या दाण्यांवरून! बाईमाणसाला आणखी काय हवं?

पण घोडं अडलं ते एफ्यापाशी. भाऊ म्हणायचा बावीस लिटर, सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवरून हिशोब तसा निघतो. दाजी म्हणायचे छत्तीस, नंतरच्या काळातल्या लिखाणात तसं आहे. दोन्हींच्या पाठीशी विद्वान होते. खाली एक टीप टाकली असती तर मिटलं असतं. पण दोघंही हट्टाला पेटले.

"दिवसभर राबणाऱ्या माणसाला साडेतीन लिटर तरी नको?" दाजी विचारायचे.

"तुमच्यासारख्याला हवं असेल, दाजी. माणसाला लागतं किती ते मला विचारा. मी गरिबीत वाढलोय."

हा टोमणा दाजींना झोंबला. शेवटचं मुद्रित त्यांच्या हातात होतं. त्यांनी कुणाला न विचारता बावीसवर काट मारली आणि छत्तीस घातलं. छापील तक्ता पाहून भावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घराची पायरी चढणार नाही म्हणाला, आणि खरंच चढला नाही. दोघांचा छत्तीसचा आकडा तो असा. ताईला मात्र इकडे आड, तिकडे विहीर. वर्षं गेली, तिचे केस पिकले. संध्याकाळी फरशी लख्ख असायची, आणि ती लख्ख फरशी तिला खायला उठायची.

मग छापखान्यानं नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. तक्ता दोघांनी मिळून नक्की करावा, असा निरोप आला. आता नाही तर कधीच नाही, हे ताईनं ओळखलं. तिनं भावाला फोन लावला. "मी मेल्यावर खांदा द्यायला येणारच आहेस ना? मग आत्ताच ये की. निदान जेवायला तरी घालीन."

आला बापडा. खुर्चीच्या कडेला टेकला. दाजी वर्तमानपत्राआड. ताईनं पत्र्याचे दोन डबे करून आणले होते, एक बावीसच्या हिशोबाचा ओमर, दुसरा छत्तीसच्या. दोन्ही गव्हानं भरून तिनं मधोमध ठेवले. "घ्या. मोजा आणि मिटवा एकदाचं."

मग भावानं विचारलं, "ताई, आपला तो पोचा पडलेला पत्र्याचा मग आहे का गं अजून?"

होता. भावानं त्यात निम्म्यापर्यंत गहू भरले आणि दाजींपुढे धरला. "हे बघा. रोज एक मग धान्य शिजायचं आमच्याकडे, दोघांत. निम्मं ताईला, निम्मं मला. एवढ्यावर मी गुटगुटीत झालो. अहो, बावीसचा ओमरसुद्धा याच्या कितीतरी पट आहे! तुमचं छत्तीस कोण खाणार?"

ताईला हसू आलं. तिनं सहज मूठभर गहू उचलले आणि तो मग काठोकाठ भरला. "निम्मं कुठलं, खादाडा? अख्खा मग लागायचा तुला."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"आणि तुला?"

"मला कारखान्यात मिळायचं."

"कारखान्यात नुसता चहा मिळायचा," दाजी वर्तमानपत्राआडून हळूच म्हणाले. "लग्न ठरलं तेव्हा तूच सांगितलं होतंस."

"तू ताटात उरवायचास, ते खायचे मी," ताई घाईघाईनं म्हणाली.

भावानं तो मग खाली ठेवला. "ताई, मी कधीच काही उरवत नव्हतो गं."

दाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "दोन्ही आकडे घालू," ते म्हणाले. "तुझा आधी." भावानं मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं.

जेवायला तिघं बसले. ताईनं भावाला आग्रह करकरून वाढलं. तो निम्मं जेवला, थांबला, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"उरलंय."

"नखरे करू नकोस. संपव ते."

"नाही जात, ताई. पोट भरलं माझं."

ताईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले, ताट ओढून घेतलं आणि शेवटच्या शितापर्यंत जेवली.