शिडाच्या नावेची चोरी

सेवेतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नावेच्या चोरीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं आणि आलं की त्या दिवशी घास गोड लागत नाही.

मी तेव्हा नागपूर शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. काटोल रस्त्याला लागून असलेला एक जुना तलाव आमच्या हद्दीत येत असे. एका रविवारी सकाळी सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं ठाण्यात आलं. बाई पुढे, त्यांचे यजमान मागे.

"माझी नाव चोरीला गेली आहे. तक्रार लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

ठाणे अंमलदाराला आधी चेष्टाच वाटली. नागपुरात गाड्या जातात, मोटारपंप जातात, नाव कोण नेणार? पण बाईंनी दिलेलं वर्णन ऐकून तो सरळ होऊन बसला. इंग्रजांच्या काळात बांधलेली सागवानी, शर्यतीची, शिडाची नाव. तळाला शिशाचा जड कणा. त्यांचे वडील जंगल खात्यात होते. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली आणि मरताना मुलग्यांना डावलून या मुलीच्या नावे केली. लग्नानंतर नवरा-बायको दोघं मिळून ती चालवू लागले. ट्रकवर लादून दूरदूरच्या तलावांवर शर्यतींना नेली. सुकाणू नेहमी बाईंच्या हाती, यजमान पुढचं शीड सांभाळायचे. दरवर्षी उन्हाळ्यात ते स्वतः तिच्या फळ्या घासून वार्निश लावत. काठावरच्या, अर्ध्या पाण्यात उतरलेल्या टिनाच्या शेडमध्ये ती पाण्यातच बांधलेली असायची. आता शेड रिकामी होती.

गुन्हा दाखल झाला, घटनास्थळाचा पंचनामा झाला. शेडचं कुलूप तोडलेलं नव्हतं. ट्रकच्या चाकांच्या खुणा नव्हत्या. एवढी अवजड वस्तू रस्त्याने गेली असती तर कोणीतरी पाहिलीच असती.

पहिला संशय एका रिसॉर्टवाल्यावर गेला. तो नाव विकत मागत होता, हे यजमानांनीच सांगितलं होतं. त्याला बोलावून बराच वेळ बसवून ठेवलं.

"साहेब, मी विचारलं होतं, खरं आहे. लॉनवर ठेवून आत खुर्च्या-टेबल टाकणार होतो, लोक चहा प्यायले असते. काका 'नाही' म्हणाले, विषय खतम," तो म्हणाला. त्याच्या कामगारांकडे, शेजाऱ्यांकडे चौकशी केली. माणूस खरं बोलत होता.

या काळात बाई दर रविवारी ठाण्यात येत आणि विचारत, "सापडली का?" यजमान मागे उभे असत. ज्याची वस्तू गेली आहे तो माणूस निदान एकदा तरी 'सापडेल का' असं विचारतोच, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. या गृहस्थांनी एकदाही विचारलं नाही. ही गोष्ट मला खटकत होती.

मे महिना लागला, तलाव आटू लागला, तेव्हा एक म्हातारा मासेमार आमच्या हवालदाराला गाठून म्हणाला, "साहेबाले सांगजा गा. खोल पाण्यात माहं जाळं अडकून राहिलं होतं. काहून अडकते म्हणून पाह्यलं, तं पाण्याच्या वर काठीचं टोक दिसलं."

ती नावेची डोलकाठी होती.

मी त्या म्हाताऱ्याला समोर बसवलं. आधी तो इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "लपवत नाही साहेब. होळीनंतर काकाजीनं माह्याकडून डोंगा मागून नेला होता. भर दुपारची वेळ, काठावर कोणी नोयतं. शिडाची नाव डोंग्याले बांधून नेली अन् येताना एकटा डोंगाच आला. मी इचारलं तं मले हात जोडले त्याहीनं. मंग मी कोणाले सांगतलं नाही."

यजमानांना मी ठाण्यात बोलावलं नाही. तलावाच्या काठावरच, शेडच्या सावलीत बसलो.

"काका, नाव कुठे आहे ते कळलं. कोणी नेली तेही कळलं. आता का, ते तुम्ही सांगा."

 पाण्याकडे बघतच ते बोलू लागले.

"तिला विसर पडतो, साहेब. तुमच्यासमोर ती नीट बोलते, घरी स्वयंपाकघरात उभी राहून स्वयंपाकघर कुठे आहे विचारते. पण नावेत बसली की हात सगळं करतात. शीड चढवते, वारा धरते. फक्त परत यायचं असतं, हे तिच्या ध्यानात राहत नाही. एकदा मी आंघोळीला गेलो तर ही ऑटो करून इथे आली आणि एकटीच नाव काढून निघाली. मी पोचलो तेव्हा तलावाच्या मधोमध शीड फडफडत होतं आणि ही शांत बसलेली. डोंग्यानं तिच्यापाशी गेलो, तर मला विचारते, 'बाबा कुठे गेले?' कुलूप लावलं तर किल्ली शोधून काढली. डॉक्टरांना विचारलं, मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, विकून टाका."

"मग विकली का नाही?"

"त्यात बसून लोक चहा पिणार होते, साहेब." ते म्हणाले. "तळाचं बूच मी माझ्या हातानं काढलं. डोलकाठी उतरवावी असं मनात होतं, पण ती माझ्यानं उतरवली गेली नाही."

नाव वर काढायला ट्रॅक्टर लावला. कणा गाळात रुतलेला. दोर ताणला तशा त्या जुन्या फळ्या एकेक करून सुटल्या. काठावर आले ते तुकडे. ओळख पटवायला बाईंना आणणं भाग होतं. त्यांनी सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला आणि लगेच म्हणाल्या, "माझीच आहे. कोणी केलं हे?"

मी काही बोलायच्या आत यजमान पुढे आले. "मी बुडवली."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "मला विचारलंही नाहीत?" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसून एक ओली फळी पदराने पुसू लागल्या. माझा हवालदार, भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, तोंड फिरवून उभा राहिला.

अप्रामाणिक हेतू नव्हता, म्हणून आम्ही न्यायालयाला सी समरी पाठवली. खरीही नाही आणि खोटीही नाही अशा तक्रारीसाठी ती तरतूद आहे. प्रकरण कागदावर मिटलं.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा दारात. "माझी नाव चोरीला गेली आहे."

यजमानांनी माझ्यासमोरच त्यांना खरं सांगितलं. तोच चेहरा, तोच प्रश्न, "मला विचारलंही नाहीत?" त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग एकदा ते एकटे माझ्या केबिनमध्ये आले. "साहेब, मी सांगायला तयार आहे, रोज सांगेन. पण तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. तेवढंच दुःख, पुन्हा पुन्हा. तुम्ही म्हणा ना, तपास चालू आहे."

आयुष्यभर लोकांकडून खरं काढून घ्यायची नोकरी केली. त्या दिवसापासून मी दर रविवारी बाईंना खुर्ची देऊन, चहा मागवून सांगू लागलो, "तपास चालू आहे, काकू." त्यांचं समाधान व्हायचं. निवृत्तीच्या वेळी नव्या साहेबांना पदभार देताना प्रलंबित गुन्हे समजावले आणि हेही सांगितलं. तेही तसंच म्हणत राहिले.

गुन्हेगाराला शिक्षा होते म्हणजे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे असं मला वाटायचं. कोर्टात, तुरुंगात मी ती खूप पाहिली. पण कोणाचा जीव वाचवायला केलेल्या कामाचीही शिक्षा असते आणि ती आपल्याच घरात, आपल्याच माणसासोबत भोगावी लागते, हे त्या ठाण्यात कळलं.

माझ्या शेवटच्या रविवारी चहा संपवून बाई उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ज्यानं माझी नाव नेली ना साहेब, त्याला माझी आठवण येत असेल का हो?"

मागे त्यांची छत्री हातात धरून यजमान उभे होते. माझ्याआधी तेच बोलले.

"येते," ते म्हणाले, आणि पायरी उतरायला त्यांनी बाईंचा हात धरला.